जगदेवच्या नावाचा दिवा

१

मेडशीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पोटाशी देशमुखांचं सागबन होतं. बनाच्या कडेने वाळक्या गवताची एक रुंद पट्टी सोडलेली होती. त्या पट्टीत जगदेव देशमुख मरून पडला होता. कमरेच्या वर तो होता तसाच होता. बंडीच्या गुंड्या लावलेल्या, खांद्यावर उपरणं, मिशी जागच्या जागी. कमरेच्या खाली बघवत नव्हतं. आणि ज्या गवतावर तो पडला होता, त्यातली एक काडी पेटलेली नव्हती.

उदयसिंग फौजदार वाशीमहून घोडीवर आला होता, सन अडतीसच्या चैत्रातल्या भर उन्हात, आणि त्यामुळे आधीच चिडलेला होता. माणूस मूळचाच तिरसट. पोटात कायमचं पित्त, डोक्याला कडक खळीचा साफा. खळ मनासारखी बसत नाही म्हणून त्याने आजवर कितीतरी परीट बदलले होते. लोकांची दया त्याला येत नसे असं नाही, पण आली तर तो ती गिळून टाकी.

तो मुडद्याशेजारी उकिडवा बसला. पट्टीच्या बाहेरचं शिवार काळंठिक्कर पडलं होतं. पट्टीत आग शिरलीच नव्हती. म्हणजे हा माणूस जळत जळत इथवर आला आणि इथे पडला.

"पेटवलं कोनं?" त्याने विचारलं.

"म्या, सायेब." बनाचा राखणदार रूपला पुढे आला. तांड्यावरचा म्हातारा, हातात अजून विझलेला टेंभा होता, टाकायचंही सुचलं नव्हतं. "जगदेवभाऊनंच सांगतलं व्हतं पेटव म्हनून. पंच बसले व्हते, सारं गाव जमलं व्हतं. ते आगीत गेले. मंग वरडाले लागले, हात हालवाले लागले."

"अन् एवढं गाव काय करून राह्यलं व्हतं?"

रूपलाने खाली बघितलं.

"टाळ्या वाजवून राह्यलं व्हतं, सायेब."

२

ह्या टाळ्यांमागची हकीकत रूपलाने सांगितली ती अशी.

चैत्रात मोहाची फुलं वेचायची तर झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. सगळेच करतात. वारं फिरलं की ती आग सागात घुसते. हे सागबन लावलं जगदेवच्या बापाने, रामरावाने, आणि मरताना तो पंचांसमोर बोलून गेला की दोघा पोरांपैकी जो हे बन आगीतून राखून दाखवील, बन त्याचं. थोरले उकंडराव दर साली माणसं लावत, दर साली बन होरपळे. धाकटा जगदेव नागपूरला शेतकी शिकून आला. मुंबईहून उसाला घालायचा अमोनियाचा क्षार मागवून तो पाण्यात विरघळवून त्याने बनाच्या कडेच्या गवतावर फवारला. पाणी वाळलं की क्षार काडीला धरून राहतो. मग गवत काळं पडतं, पण पेट घेत नाही.

पंचांना हे पटेना. तेव्हा जगदेव म्हणाला, मी माझे कपडेच ह्या दवाईत भिजवतो, पेटत्या गवतात उभा राहतो आणि चालत पट्टीत येतो, मग तर झालं? त्याने आधी एकट्याने ते करूनही बघितलं होतं, रूपलाच्या देखत. केसालाही धक्का लागला नव्हता.

"मंग आज काय झालं?"

"तेच तं समजून नाई राह्यलं. वरडाले लागले तवा मी पानी घेऊन धावत व्हतो. थोरले मालक म्हनले, राहू दे, नाटक करून राह्यला लेकाचा, वाजवा टाळ्या. मंग समद्यायनं वाजवल्या."

उदयसिंगाने मुडद्याच्या बंडीचा कोपरा कापला आणि जवळच धुमसणाऱ्या बुंध्यावर ठेवला. कापड काळं झालं, आक्रसलं, ज्वाळ मात्र उठली नाही. एक उग्र, नाकात जाणारा दर्प सुटला.

"गोठ्यातल्यावानी वास येते," तो नाक मुरडून म्हणाला.

"दवाई तापली का असाच वास मारते. गावात तिले मुताची दवाई म्हनत. तुळसाबाई, थोरल्या मालकीनबाई, तं तिच्या जवळून बी जात नव्हत्या. आज पंचाईचा सैपाक हाये म्हनून पाहाले बी नाई आल्या."

धोतर सगळं जळलं होतं. फक्त पाठीखाली दबलेल्या कासोट्याचा हातभर तुकडा उरला होता. उदयसिंगाने त्याचा एक कोपरा फाडून त्याच बुंध्यावर टाकला. तो भप्पकन पेटला, आणि वास आला साध्या कापडाचा. उरलेला तुकडा त्याने पाण्याने ओला केला, बोटांत चोळला. बोटं चिकट झाली. मग कुणाच्या लक्षात येणार नाही असा हात स्वतःच्या साफ्यावरून फिरवला आणि तुकडा खिशात टाकला.

उकंडराव देशमुख एवढा वेळ बाजूला उभे होते. डोळे लाल, उपरण्याचा बोळा तोंडाशी. आता ते पुढे झाले.

"ह्याच्यात पाह्याचं काय, फौजदारसायेब? बंडी दवाईत भिजवली, उपरनं भिजवलं, अन् धोतर मुद्दाम साध्या पान्यात काढलं. कपडे भिजवाले त्याची बायकोच व्हती. आदल्या सांजीले ती त्याले काय बोलली ते साऱ्या गल्लीनं आयकलं."

"काय बोलली?"

"जाय, जळून मर."

३

जगदेवच्या बायकोला, पंचफुलाला, घरच्यांनी बैलांच्या कोठ्यात कोंडलं होतं. नवऱ्याला अग्नी देऊन माणसं घरी परतली, आंघोळी झाल्या, तरी तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं. उदयसिंग आत गेला तेव्हा ती गव्हाणीला टेकून बसली होती. वय असेल विशीच्या आतबाहेर. तिच्या हातांची कातडी भेगाळून सोलली होती.

"हाताले काय झालं?"

"दवाईनं. फवाराले मी बी व्हती."

"जळून मर, असं म्हनली?"

"म्हनली." तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. "मी म्हनो, नका जाऊ आगीत, बन गेलं खड्ड्यात. तो हासे. म्हने, तू भित्री हायेस. मी किती बोलली तरी तो हासूनच राह्यला. मंग माह्या तोंडातून निंगालं. रागात बोलते मानूस."

"कपडे कसे भिजवले?"

"तिन्ही एकाच घंगाळात. धोतर आंधी उकळत्या पान्यात घालून त्याची खळ काढली. खळीचं कापड असलं का दवाई आत शिरत नाई, असं तो म्हने. रातभर भिजवलं, मागच्या आंगनात दोरीवर वाळवलं. वाळलं का आपोआप कडक होते. सकाळी त्यानं सोताच दोरीवरून ओढलं अन् नेसलं."

"रातच्याले घरात कोन कोन व्हतं?"

"भासरे अन् जाऊबाई. अन् वसरीवर हुकूमचंदशेठ मुक्कामाले व्हते, दवाईचं शेवटचं पोतं घेऊन आले व्हते."

उदयसिंग उठला. उगाच धीर देणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"हे पाय पोरी, पुराव्यात सध्या तूच बसतेस. दुसरं कोनी सापडलं नाई तं तुले अकोल्याले न्या लागन. नवऱ्याले जाळून मारलं म्हनून फाशी होईन."

"न्या," ती म्हणाली. "पन एक सांगा. धोतर काहून जळलं? म्या तं बरोबर भिजवलं व्हतं."

हाच प्रश्न फौजदाराच्या खिशातही होता. कोठ्याच्या दाराबाहेर तुळसाबाई उभी होती, सारं ऐकत. ती आत डोकावून थुंकली.

"आजच्या आज न्या हिले," ती म्हणाली. "हे घरात हाये तोवर माह्या दिराचा जीव सुटत नाई."

४

हुकूमचंद शेजारगावच्या आपल्या दुकानात बसला होता. नितळ पांढरं धोतर, कपाळाला केशरी टिळा, बोलणं नेहमीचं लाघवी. फौजदार आत आल्याबरोबर त्याने गादी झटकली.

"साहब, माल एकदम खरा व्हता. पोतं आतापन देशमुखाच्या घरी हाये, खोलून पाहा."

"माल खरा व्हता. पट्टी जळली नाई, बंडी जळली नाई. त्याच्यासाठी नाई आलो. देशमुखाच्या घरी मुक्काम काहून केला?"

"अंधार पडला व्हता."

"शेठ, मले पित्त हाये. खोटं आयकलं का वाढते."

हुकूमचंदाने ओठ चाटले. मग सांगितलं. सागाचा तोडीचा मक्ता त्याने उकंडरावांशी ठरवला होता. बन थोरल्याकडे राहिलं तर झाडं हुकूमचंदाची. जगदेवकडे गेलं असतं तर त्याने एक फांदी तोडू दिली नसती. दवाई विकली हे खरं, पण ती फसावी असंही वाटत होतं. फसावी, एवढंच. माणूस मरावा असं कुणाला वाटतं? किडामुंगी मरू नये म्हणून तर तो दिवस मावळायच्या आत जेवत होता.

उदयसिंगाने वाकून त्याच्या धोतराचा सोगा चिमटीत धरला. कडक खळ. इतकी चांगली खळ त्याच्या साफ्याला कधी बसली नव्हती.

"मुक्कामाले किती धोतरं नेली व्हती?"

"एक आंगावर, एक पिशवीत. जोडी."

"जोडीतलं दुसरं दाखव."

हुकूमचंद पिशवी घेऊन आला. पालथी केली. पंचा निघाला, तांब्या निघाला. धोतर निघालं नाही.

"हीराबाईनं धुवाले टाकलं असन," तो पुटपुटला. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला की तिने काहीच धुवायला टाकलेलं नाही.

५

दोन दिवस हुकूमचंद चौकीत बसून होता आणि रडत होता. त्याने जगदेवचं दवाईचं धोतर काढून आपलं खळीचं दोरीवर टाकलं, असं मानलं तर सगळं जुळत होतं. हाताला दोन्ही सारखीच कडक लागतात. सकाळच्या घाईत नेसणाऱ्याला काय कळणार. पण मग जगदेवचं खरं धोतर गेलं कुठे? शिपायांनी दुकान पालथं घातलं, विहिरीत गळ टाकला. काही नाही. वर हुकूमचंदाचं दुसरं धोतर परटाकडे सापडलं. परत येताना वाटेतच त्याने ते भट्टीला टाकलं होतं आणि भीतीने विसरून गेला होता.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला उदयसिंग देशमुखांच्या घरी गेला. पंचफुलाला न्यायला गाडी सांगून ठेवली होती. ओसरीवर, जिथे मुडदा आणून ठेवला होता तिथे, पसरलेल्या पिठावर मातीचा दिवा होता. माणूस गेल्यावर त्याच्या नावाने ठेवतात तो. दहावं होईपर्यंत तो विझता कामा नये. तुळसाबाई त्याच्यापुढे बसून काडीवर काडी ओढत होती.

"पाहा सायेब, डोळ्यानं पाहा," ती म्हणाली. "तीन दिवसापासून हेच. तेल हाये, वारा नाई, तरी दिवा टिकत नाई. वरचं तेल जळते अन् लगेच इझते. अन् वास असा सोडते का बसवत नाई. दिराचा जीव तळमळून राह्यला. मारनारी घरात खाऊन पिऊन बसली हाये, मंग दिवा जळन कसा?"

"कसा वास?"

"गोठ्यावानी. मुतावानी. देवमानसाच्या दिव्याले असा वास येते का?"

उदयसिंग खाली बसला. साफा काढून मांडीवर ठेवला. विझलेल्या दिव्यातली वात दोन बोटांनी उचलून नाकाशी नेली. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला उकंडराव गावकऱ्यांत बसले होते आणि सांत्वन करून घेत होते.

"वाती कायच्या केल्या, बाई?" त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं. ह्या आवाजात तो बोलला की त्याच्या हाताखालचे शिपाई सावध होत.

६

"जरा मोठ्यानं सांगा," तो म्हणाला. "ह्या समद्यायले आयकू जाऊ द्या."

गावकरी वळून बघू लागले. तुळसाबाईला बरंच वाटलं. तिला वाटलं, दिवा का विझतो हे आता सगळ्यांपुढे सिद्ध होणार.

"धोतराच्या केल्या. चांगल्या धोतराच्या, चिंध्याच्या नाई. दिराच्या नावाचा दिवा हाये."

"कोनतं धोतर?"

"ह्याइच्या पेटीच्या मांगं कोंबलेलं सापडलं. नवंच व्हतं, कडक, परटाकडून आल्यावानी. एकटं व्हतं, जोडीतलं दुसरं नाई. एका कोपऱ्याले काळं झालेलं, जसं चुलीत लागलं. तेवढं फाडून फेकलं अन् बाकीच्याच्या वाती वळल्या."

"मालकाची धोतरं किती हायेत?"

"पंचाईच्या आदल्या रोजी परटानं आनली तवा जोड्या व्हत्या बराबर. काल पाहतो तं एक कमी. म्या परटाले शिव्या देल्ल्या."

"काडी ओढा. पुन्हा लावा वात."

तिने ओढली. वात क्षणभर तेलाने पेटली, काळी पडली, विझली. धूर ओसरीभर पसरला. तो वास त्या दिवशी रानात जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होता. फक्त तुळसाबाईला नव्हता. गावकऱ्यांपैकी कुणीतरी "दवाई" एवढंच म्हणालं.

"दवाईच," उदयसिंग म्हणाला. "पंचफुलानं तिन्ही कपडे एकाच घंगाळात भिजवले. साधं पानी असतं तं बंडी बी जळाले पायजे व्हती. धोतर तेवढं येगळं साध्या पान्यात काढलं म्हना, तं त्यात खळ उरली नसती, तिनं ती आंधीच काढली व्हती. कासोट्याचा तुकडा माह्यापाशी हाये, त्याच्यात खळ हाये. म्हनजे तिनं भिजवलं ते धोतर त्याच्या आंगावर नव्हतंच. दोरीवरून कोनीतरी ते काढलं अन् आपलं खळीचं टाकलं. काढलेलं धोतर चुलीत घालून पाह्यलं, तं ते जळेना. जळनार कसं? न जळासाठीच तं भिजवलं व्हतं. मंग पेटीमांगं कोंबलं. घर मानसानं भरलेलं, बाहीर नेता येईना." तो उकंडरावांकडे वळला. "धुतलं असतं तरी चाललं असतं, मालक. दवाई पान्यानं जाते. पन कपडे धुवाची सवय नाई ना तुमाले."

 उकंडराव गावाकडे बघत होते, बायकोकडे नाही.

"मले त्याले माराचं नव्हतं," ते म्हणाले. "जरासं भाजन, बोंबलत पळन, लोकं हासतीन. बन हातचं जानार नाई. एवढंच."

"एवढंच व्हतं तं तो वरडला तवा पान्याची घागर अडवली काहून? रूपला धावत व्हता. टाळ्या वाजवा असं पहिलं कोन म्हनलं?"

 पंचही तिथेच बसले होते. आपापले हात मांडीखाली घेऊन बसावं तसे बसले होते.

तुळसाबाईच्या हातात अजून उरलेल्या वातींची जुडी होती. तिने ती एकदा बघितली, नवऱ्याला बघितलं, आणि मग तिला सगळं कळलं. आपण काय बोललो, कुणापुढे बोललो, आणि कुणासाठी. 

शिपायांनी उकंडरावांना नेलं, पंचफुलासाठी सांगितलेल्या त्याच गाडीतून.

ओसरी रिकामी झाली, फौजदार आणि तुळसाबाई तेवढे उरले. शिपायांनी जाताना कडी काढलेल्या कोठ्यातून पंचफुला आली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि आता जा म्हणणारंही कुणी नव्हतं. तिने आपल्या लुगड्याची कड फाडली, सोललेल्या हातांनी वात वळली, तेलात बुडवली आणि लावली. दिवा लागला. ज्योत सरळ उभी राहिली, वास नाही, धूर नाही.

तुळसाबाई भिंतीला टेकून बघत होती. "म्या तुले फासावर धाडाले निंगाली व्हती," ती म्हणाली.

 पंचफुला फौजदाराकडे वळली.

"सायेब, म्या भिजवलं ते बरोबर व्हतं ना?"

"बरोबर व्हतं," उदयसिंग म्हणाला. तिथे थांबता आलं असतं, पण तो थांबणाऱ्यांतला नव्हता. "तेच नेसला असता तं हासत बाहीर आला असता."

तिने मान हलवली.

"आगीतून हात हालवून राह्यला व्हता. मले वाटलं, मलेच दावून राह्यला, पाय कशी भ्याली व्हतीस म्हनून. मी बायाइत उभी व्हती. म्या बी टाळ्या वाजवल्या. समद्याइच्या थांबल्या, तरी माह्या चालूच व्हत्या."

उदयसिंगाने साफा डोक्यावर ठेवला आणि तो पायऱ्या उतरून गेला. दिव्यात तेल कमी वाटलं म्हणून तिने बुधलीतून आणखी थोडं ओतलं.